मेंजाच्या अडसरावरचा भार

मेंजाला धाकट्या बहिणीचा हेवा वाटतो, ही बातमी आमच्या डोंगरातल्या सुंप्लाउन गावात कुणी कुणाला सांगत नसे. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीची बातमी कशी होणार? ओनाचा पाव फुगायचा, मेंजाचा बसायचा. ओना चर्चमध्ये गायला लागली की म्हातारे डोळे मिटून घ्यायचे, मेंजाने सूर लावला की पटकन उघडायचे. दोघींनी एकाच लोकरीचे मोजे विणले तरी ओनाचे लोक मागून न्यायचे आणि मेंजाचे तिचा नवरा प्लात्सी घालायचा. तोही मुकाट्याने घालायचा, कारण तो कशाचीच तक्रार करत नसे. गाव हे सगळं हसण्यावारी न्यायचं. पण पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या पोटात रोज सकाळी उठल्यापासून दुखत असेल, तर त्याला हसू नये असं मला आपलं वाटतं.

बाकी मेंजा कामाला वाघ होती. प्लात्सीचा पाय तरुणपणी लाकूडतोडीत अधू झाला, तेव्हापासून तो तळमजल्यात बसून बर्फावरच्या घसरगाड्या बनवायचा आणि बाहेरचं सगळं मेंजा बघायची. दोन गाई, सरपण, बटाट्याचा वाफा आणि वर डोंगरातलं गवत. तोंडाने फटकळ, हाताने चोख.

डोंगराच्या उतारावरच्या गवताच्या पट्ट्या आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून वाटतात. या दोघींचे वडील गेले तेव्हा पाद्रीबुवांच्या टोपीत दोन चिठ्ठ्या पडल्या. ओनाला शाळेच्या डोक्यावरची उभ्या चढाची पट्टी आली, मेंजाला डोंगराच्या सोंडेआडची, जरा सौम्य. कापणाऱ्याला मेंजाची पट्टी कितीतरी बरी. त्या दिवशी ती खुशीत घरी आली होती. जन्मात एकदा ओनापेक्षा काही चांगलं पदरात पडलं, आणि पुढे तेच तिच्या डोळ्यात सलायला लागलं.

त्याला कारण बर्फ. एका हिवाळ्यात हिमलोटाने आमची वरची आळी नेली. त्यानंतर दोन्ही उतारांवर पोलादी अडसर उभे राहिले. उताराला आडव्या, माणसाच्या डोक्यावर जाणाऱ्या तुळया आणि त्यांना खालच्या बाजूने जाड टेकू. ज्याची गवताची पट्टी, त्याचा अडसर, असा गावचा नियम. उन्हाळ्यात पट्टी पार अडसराच्या मुळापर्यंत कापायची, हिवाळ्यात लक्ष ठेवायचं. मग शहरातल्या संस्थेचे इंजिनिअर वीर्श आले. बर्फ अडसरामागे नुसता पडून राहत नाही, रोज थोडा थोडा खाली सरकत असतो आणि सगळं अंग तुळयांवर टाकतो. तो भार किती, हे त्यांना मोजायचं होतं. त्यांनी दोघी बहिणींच्या अडसरांत एकेका टेकूखाली तेलाने भरलेली डबी बसवली आणि तिला काट्याची तबकडी जोडली. दर शनिवारी मागे घसरू नये म्हणून स्कीला कातडी पट्टे बांधून वर चढायचं, तबकडीवरचं झाकण पुसून उघडायचं आणि काटा किती टनांवर उभा आहे ते बघून यायचं, हे काम दोघींकडे आलं.

आकडा खाली आला की डेअरीच्या फळ्यावर खडूने लिहिला जायचा, म्हणजे दूध घालायला येणाऱ्या सगळ्या गावाला कळावं. डेअरी चालवायचा ओनाचा नवरा जिएरी. तो बायकोचा आकडा आधी लिहायचा, वर, ठळक. आणि तो आकडा मोठा असायचाच. ओनाचा उतार उभा, शिवाय कड्यावरचा सगळा बर्फ वारा उचलून तिथेच आणून टाकायचा. लोक फळ्यासमोर उभे राहून माना डोलवायचे, "ओनाच्या अडसराने गाव तोलून धरलंय." शेजारची नेसा, जिच्या तोंडात तीळ भिजत नाही, ती वर म्हणायची, "आणि तेही बिचारी हसतमुखाने!"

"हसतमुखाने?" मेंजा घरी येऊन पातेली आपटायची. "टेकू पोलादाचा, तुळई पोलादाची. ही काय तिथे पाठ लावून उभी असते? बर्फ वारा आणतो. वारा काय तिच्या माहेरचा आहे?"

"माहेर तर तुमचं एकच आहे," प्लात्सी रंधा थांबवून म्हणायचा.

"तू रंधा मार."

तीन हिवाळे तिने ओनाच्या नावाखाली आपलं नाव वाचलं. चौथ्या हिवाळ्याआधी जो उन्हाळा आला, त्यात तिने जे केलं ते आमच्या गावच्या माणसालाच सुचावं.

कापलेल्या गवताचे खुंट बर्फाला धरून ठेवतात. न कापलेलं लांब गवत पहिल्या बर्फाखाली उताराच्या दिशेने आडवं पडतं, तेल लावून विंचरलेल्या केसांसारखं. मग वरचा अख्खा थर त्यावरून घसरत येतो आणि अडसरावर रेलतो. हे सुंप्लाउनमध्ये शेंबड्या पोरालाही माहीत आहे, म्हणून तर कापायचा नियम. त्या उन्हाळ्यात मेंजाने लांब दांड्याचा विळा पाजळला, खांद्यावर टाकला, सगळ्यांना दिसेल अशी गावातून वर गेली आणि सोंडेआड जाऊन बसली. चीज आणि पाव खाल्ला. गवत गुडघ्यापर्यंत आलं होतं, त्यात वारा खेळत होता, तो बघत बसली. संध्याकाळी दमल्यासारखी खाली आली. कापणी संपेपर्यंत ती रोज अशीच गेली आणि रोज अशीच आली. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन म्हणतात, तो हाच. पण तिला तेव्हा नाक दिसत नव्हतं, फळा दिसत होता.

प्लात्सी एकदा लंगडत गोठ्याच्या माळ्यावर चढला. "यंदा वरचं गवत दिसत नाही."

"उंदरांनी खाल्लं."

"सगळं?"

"मोठे होते."

तो जिना धरून सावकाश उतरला आणि कामाला लागला.

त्या वर्षी बर्फ ओल्या, कोमट जमिनीवर पडला. घसरायला याहून चांगलं काही नाही. नाताळच्या सुमारास मेंजाचा काटा ओनाच्या बरोबरीला आला. जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाला तो पुढे गेला. शनिवारी दुपारी डेअरीत तिने आकडा सांगितला तेव्हा जिएरीचा खडू हवेतच राहिला.

"मेंजा, चष्मा लावून बघितलंस ना?"

"तुझ्या बायकोचा लावून बघितला. लिही. आणि वर लिही."

त्याने लिहिलं. मेंजा फळ्यासमोर उभी राहिली आणि तिला असं सुख झालं की पायातले बूट हलके वाटले. पुढचे आठवडे तिने अक्षरशः उपभोगले. पुरुष माणसं टोपीला हात लावून विचारू लागली, "काय मेंजा, वर कसं आहे?" नेसाने तिला घरी बोलावून शेगडीजवळची जागा दिली, बार्लीच्या सूपमध्ये मटणाचा बरा तुकडा वाढला आणि म्हणाली, "बाई गं, तुझ्या अडसरावर केवढा भार!" मेंजा नम्रपणे म्हणाली, "चालायचंच." हा शब्द तिने ओनाकडून उचलला होता. चर्चमधून बाहेर पडताना ती ओनाच्या चेहऱ्याकडे चोरून बघायची. थोडं तरी काळवंडलंय का? ओना मात्र हसून विचारायची, "ताई, तुझे गुडघे कसे आहेत? इतकं चढतेस." आणि मेंजाचं सगळं सुख नासायचं.

"मान फार ताठ ठेवतेस हल्ली," प्लात्सी म्हणाला. "वंगण घालून देऊ?"

मग एका शनिवारी ती वर गेली तर अडसराच्या वर, बर्फात, आडवी भेग पडलेली. तोंड वासल्यासारखी. आत डोकावली तर तपकिरी, ओलं, चापूनचोपून झोपलेलं गवत दिसलं. खाली तुळई कण्हल्यासारखी वाजत होती. तिला पळत खाली जाऊन सांगावंसं वाटलं. तिने ते केलं नाही. फावडं काढलं आणि ती भेग बर्फ टाकून बुजवली, वरून स्कीने सारखी केली, कारण पुढच्या आठवड्यात वीर्श येणार होते.

वीर्श आले, त्यांनी काटा पाहिला, दोनदा पाहिला. चांगला माणूस. खोटं बोलणारा समोर आहे असं मुळी धरून चालत नसे. त्यांनी सरळ विचारलं, "मेंजाबाई, जमिनीत काही फरक? गवत नेहमीसारखं कापलं होतं ना?"

"दरवर्षीसारखंच, साहेब."

आणि त्याच भेटीत त्यांनी सांगितलं की सरकारकडून अडसराच्या आणखी एका रांगेपुरतं पोलाद मंजूर झालंय. एकाच रांगेपुरतं. जिथे भार जास्त, तिथे ती उभी राहील. येत्या रविवारी प्रार्थनेनंतर गावाने सभेत ठरवायचं.

मेंजा घरी आली ती पायऱ्यांवरच बसली. ओनाच्या उताराखाली शाळा होती, ओनाचं घर होतं. तिच्या उताराखाली तिचं घर आणि लाकडाची बंद पडलेली गिरणी. दुसरी रांग कुठे हवी, हे आंधळ्यालाही कळलं असतं. फळ्यावरचे आकडे मात्र दुसरंच सांगत होते, आणि ते तिने सांगायला लावले होते.

प्लात्सी दारात आला. "उंदरांचं सांगायचं आता," तो म्हणाला.

"सांगते."

"कधी?"

"सभेच्या आधी वीर्शना बाजूला घेऊन सांगते. गावासमोर नाही." तिने डोळे पुसले. "ओनासमोर तर नाहीच."

रविवारी तिने वीर्शना बाजूला घेतलं नाही. शनिवारी रात्रीपासून वाक्य जुळवत होती, सकाळी चर्चमध्येही जुळवत होती, पण बाहेर पडताना गावचे अध्यक्ष रिश त्यांच्या बरोबर होते, मग जिएरी होता, मग सभा भरलीच. बायकांना मताचा हक्क मिळून फार वर्षं झाली नव्हती. त्या अजून मागच्या बाकांवर बसायच्या आणि हात अर्धाच वर करायच्या. मेंजा एका टोकाला, ओना दुसऱ्या.

वीर्श बोलले. तीन हिवाळे ओनाबाईंच्या उतारावर भार जास्त होता, यंदा मेंजाबाईंच्या उतारावर तो बराच पुढे गेलाय, तुळई वाकू लागलीय. एका वर्षावरून सांगणं आपल्याला आवडत नाही, पण तुटायला आलेला अडसर तसाच सोडणंही बरं नाही. पुढच्या बाकांवर कुरकुर सुरू झाली. कुणी म्हणालं, खाली शाळा आहे. कुणी म्हणालं, मग मोजता कशाला, आकडा तो आकडा. आवाज चढले. रिश टेबल ठोकत राहिले.

आता उठावं, असं मेंजा मनाशी म्हणत होती. हा वाद थांबला की उठते. हा म्हातारा बसला की उठते. आणि तेवढ्यात ओना उठली.

"मी बोलू?" ती म्हणाली, तशी खोली शांत झाली. ओना बोलणार म्हटल्यावर खोली शांत होतेच. "आकडा ताईचा मोठा आहे. आपण आकडे मोजायचं ठरवलं ते मानायचं म्हणूनच ना? रांग ताईच्या उतारावर उभी करा. पोरांना हिवाळाभर पाद्रीबुवांच्या खोलीत बसवू. आणि मोठा बर्फ पडला की मी आणि जिएरी घर सोडून गोठ्यावर राहायला जाऊ. ताईचं घर वाचलं पाहिजे."

कुणीतरी उसासा टाकला. नेसाने पदराने डोळे टिपावेत तसे शालीच्या टोकाने टिपले. "कसलं मन आहे बाईचं!" असं पुढच्या बाकावरचा तोच म्हातारा म्हणाला, जो इतका वेळ शाळेसाठी भांडत होता. पाद्रीबुवांनी हलकेच मान डोलवली. ओना खाली मान घालून उभी होती आणि खिडकीतलं ऊन नेमकं तिच्यावर पडलं होतं.

मेंजाच्या डोक्यात तिडीक गेली. आकड्यात हरवलं, तर ही देऊन मोठी झाली! घेतानाही हीच मोठी, देतानाही हीच. आणि आता जन्मभर गाव सांगणार की ओनाने आपलं छप्पर बहिणीच्या पायाशी ठेवलं, आणि त्या उपकाराखाली राहणार कोण, तर मेंजा. मला हे लिहिताना बरं वाटत नाही, पण खरं तेच आहे: त्या क्षणी तिला शाळा आठवली नाही, पोरं आठवली नाहीत. तिला फक्त ते ऊन सहन झालं नाही.

"बस खाली!" ती उठून ओरडली. "बस म्हणते ना! कुणी मागितलं तुझं घर? आकडा खोटा आहे."

"तबकडी बिघडलीय?" वीर्शनी विचारलं.

"तबकडीला काय धाड भरलीय? गवत कापलंच नाही मी. अख्खी पट्टी उभी ठेवली. रोज वर जाऊन बसले आणि चीज खाऊन खाली आले." मग तिने पुढचंही सांगून टाकलं. "भेग पडली होती, तीही बुजवली. माझा आकडा हिच्या वर लागावा म्हणून. झालं समाधान? आता रडा हिच्यासाठी."

प्लात्सीने तोंडावर हात ठेवला. मग नेसाच्या तोंडून निघालं, "अगं मेंजा, शाळेतली पोरं गं!" आणि सगळी सभा एकदम बोलू लागली. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, त्यातल्या काहींना आता लाज वाटते. वीर्श ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "मी विचारलं होतं तुम्हाला." ते तिला सगळ्यांच्या शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

हात वर झाले. दुसरी रांग शाळेच्या डोक्यावर, ओनाच्या उतारावर, एकमताने. मेंजाचाही हात वर होता. तबकडी बघण्याचं काम तिच्याकडून काढून घेतलं आणि दोन्ही काटे यापुढे ओनाने बघावेत असं रिश म्हणाले. शिवाय वीर्शनी बजावलं की मेंजाचा अडसर रात्रीच्या आत बर्फ उपसून मोकळा केला पाहिजे, नाहीतर तुळई जाईल. धडधाकट माणसांनी जेवून लगेच फावडी घेऊन वर निघायचं. माणसं तिच्याकडे न बघता बाहेर पडली.

ती घराकडे निघाली तशी मागून पावलं वाजली. ओना धावत आली होती. मेंजाला वाटलं, आता ही गळ्यात पडणार, माफ करणार, आणि पुन्हा मोठी होणार. तिने जबडा आवळला.

"दुष्ट आहेस तू," ओना म्हणाली.

मेंजा थबकली. असा आवाज तिने बहिणीच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

"एकदा, ताई. एकदा मी तुझ्याहून मोठी होणार होते. तेवढंही होऊ दिलं नाहीस."

"माझ्याहून? तू?" मेंजाला हसावं की मारावं कळेना. "सगळं गाव तुझ्या पदराला बांधलंय, आणि तू..."

"गावाचं काय घेऊन बसलीस! गावासाठी गोड बोललं की झालं. ते येतं मला." ओनाचं नाक थंडीने लाल झालं होतं, डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि ती मुळीच सुंदर दिसत नव्हती. "आई गेली त्या सकाळी मी होते तिच्यापाशी. मी तिच्या तोंडाला पेला लावला. तिने तो हाताने सारला. म्हणाली, मेंजाला बोलव. तू खाली गोठ्यात होतीस. हाकेच्या अंतरावर."

"तू तर म्हणालीस, झोपेत गेली."

"दोनदा म्हणाली, मेंजाला बोलव. महिनाभर मी तिचं सगळं केलं होतं. आणि मी तिथेच बसून राहिले." ओनाने बाहीने नाक पुसलं. "मी तुला हाक मारली नाही."

गोठ्यात त्या सकाळी गाय धारेला कुरकुरत होती, एवढं मेंजाला आठवलं. आईने आपल्याला बोलावलं होतं, दोनदा. आधी आनंद झाला, लख्ख, निर्लज्ज आनंद, की ओनाला नाही, आपल्याला. मग त्याच्या मागोमाग असं दुःख आलं की तिने कुंपणाचा खांब धरला. तिला बहिणीला त्या बर्फात लोटून द्यावंसं वाटलं. ओना हलली नाही, मार खायला उभी असल्यासारखी उभी राहिली. वरच्या वाटेने फावडी घेतलेली पहिली माणसं चढू लागली होती.

मेंजाने त्या सकाळची उलटी मांडणी करून पाहिली. ओना गोठ्यात. आपण आईच्या उशाशी, हातात पेला. आई म्हणतेय, ओनाला बोलव.

"मीही नसती मारली हाक," ती म्हणाली.

ओनाने वर बघितलं.

"चल," मेंजा म्हणाली. "तुमच्याकडे रुंद फावडं आहे ना, ते घे. माझ्याकडे एकच आहे."